सांग, पायऱ्या मोजतोय

अण्णा, तुम्ही गेल्यापासून काकूनं मला एकच प्रश्न तीन वेळा विचारला. "तिकडं जपानात त्यांना काही झालं होतं का गं?" पहिल्या दोन्ही वेळा मी "नाही काकू" म्हणाले. तिसऱ्या वेळी काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. पण ते एकदम लिहिता येत नाहीये.

आज बारावा दिवस. खाली तुमच्या घरात माणसं आहेत, वर आमच्याकडेही आहेत. भेटायला येणारे जवळपास एकच वाक्य बोलतात. "किती सुखाचं मरण आलं बघा. काही दुखणं नाही, खुपणं नाही." परवापर्यंत मग काकू सांगायला लागायची. प्रत्येकाला पहिल्यापासून, त्याच क्रमानं. मिक्सरच्या भांड्याची पाती अडकत होती. ती म्हणाली, आजच दुरुस्त करून आणा, उद्या पाहुणे आहेत. तुम्ही म्हणालात, जयनगरात एकालाही हे काम धड येत नाही, शिवाजीनगरलाच जायला पाहिजे. भर उन्हात बसनं गेलात, ऑटोनं परत आलात. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलात, भांडं तिच्या हातात दिलंत आणि पाणी मागितलंत. ती पाणी घेऊन आली तोवर तुमची मान एका बाजूला कलली होती. इथं ती थांबायची आणि म्हणायची, "मीच पाठवलं. एवढ्याशा भांड्यापायी मीच घालवलं त्यांना."

लोक म्हणायचे, "अहो, असं काय बोलता?" मी कॉफीचा ट्रे धरून दाराशी उभी असायचे. त्या खोलीत मला एकटीला माहीत असायचं की ती चुकते आहे. आणि मी कप पुढे करायचे.

तुम्ही बाबांचे थोरले भाऊ. ते तुम्हाला अण्णा म्हणायचे म्हणून मीही अण्णा म्हणायला लागले आणि कुणी दुरुस्त केलं नाही. खाली तुम्ही आणि काकू, वर आम्ही. तुम्हाला मूल नव्हतं, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं, कारण खालच्या घरात माझा एक कप्पा, एक उशी आणि एक ताट आधीपासूनच होतं.

तुमच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. काळाकुट्ट लाकडी किल्ला, खंदकाच्या पाण्यात त्याची उलटी सावली, मागे बर्फाचे डोंगर. तुम्ही कारखान्याच्या टूलरूममध्ये नवे होतात तेव्हा शिकवायला आलेल्या एका जपानी साहेबानं दिलेल्या कॅलेंडरचं ते पान. वर्ष संपल्यावर तुम्ही ते कापून घरी आणलं होतं. मात्सुमोतो हे गावाचं नाव मी जपानी शिकायच्या कितीतरी आधी तुमच्या तोंडून ऐकलं.

जपानी शिकायला लावलंत तेही तुम्हीच. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड, घरात मराठी, आणि तिन्हींत मी गप्प. आई काळजी करायची. तुम्ही म्हणालात, "हिला चौथी भाषा देऊन बघा. त्यात तरी बोलेल." आणि झालं तसंच. होसकोटेच्या कारखान्यात मी आता दिवसभर बोलते. जपानी इंजिनिअर काय म्हणतात ते आपल्या लोकांना सांगते, आपले लोक काय म्हणतात ते त्यांना. दुभाष्याचा नियम एकच. बोलणाऱ्यानं जे म्हटलं तेच सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. तो चुकीचं बोलत असेल तरी चुकीचंच सांगायचं. आपलं मत मध्ये आणायचं नाही. मला हे काम आवडतं याचं कारण हा नियमच आहे, असं मी एकदा तुम्हाला म्हणाले. तुम्ही जेवता जेवता थांबलात.

"दुसऱ्यांचं इतकं छान बोलतेस. तुझं कधी बोलणार?"

"माझं काही नसतं अण्णा, सांगण्यासारखं."

"असतं. तू दाराशीच अडवतेस."

हा वाद आपण निदान दहा वेळा तरी घातला असेल. दर वेळी काकू मध्येच भात वाढायची आणि वाद तिथंच राहायचा.

जानेवारीत कंपनीनं मला तीन आठवड्यांसाठी जपानला पाठवलं आणि शेवटच्या आठवड्यात तुम्ही यायचं ठरलं. काकूचे गुडघे चढ-उतार सोसणारे नाहीत, म्हणून ती येणार नव्हती. मी निघाले त्या सकाळी ती फाटकापर्यंत आली. तुम्ही ऑटोवाल्याशी बोलत होतात. तिनं माझ्या पिशवीत चटणीपुडीचा डबा कोंबला आणि हळूच म्हणाली, "स्वल्प लक्ष ठेव हां त्यांच्यावर. त्यांना विचारून काही उपयोग नाही, ते सगळं सरी-सरीच म्हणणार, ठीक आहे, ठीक आहे. काही वाटलं तर मला तू सांगायचं." मी म्हणाले, "सांगते काकू." किती सहज म्हणाले.

मात्सुमोतोला उतरलो त्या दिवशी ऊन होतं आणि हवा चावत होती. त्या गावात ठिकठिकाणी जमिनीतून झरे वर येतात, लोक बाटल्या घेऊन भरायला येतात. प्रत्येक झऱ्याशी तुम्ही ओंजळभर प्यायलात आणि प्रत्येकाला मार्क दिलेत. काळ्या-पांढऱ्या भिंतींच्या जुन्या वखारींच्या रस्त्यावर मी फोटो काढत होते आणि तुम्ही एका दाराची बिजागरी बघत गुडघ्यावर बसला होतात. दुकानातल्या बाईंना वाटलं काही पडलंय. त्या वाकून शोधायला लागल्या. मी त्यांना सांगितलं, "हे बिजागरी बघताहेत." त्याही मग तुमच्या शेजारी बसून बघायला लागल्या. मला तेव्हा इतकं छान वाटलं होतं, अण्णा. ते इथं लिहून ठेवते, कारण यापुढचं लिहिताना ते विसरायला होईल.

किल्ल्याच्या दाराशी बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊन फिरायचं. मोज्यांतून लाकडी जमिनीचा गारठा थेट वर येत होता. तुम्ही प्रत्येक खांबाला हात लावत होतात. खांबांवर हत्याराचे लहान लहान घाव तसेच ठेवलेले होते. "हे बघ," तुम्ही माझा अंगठा धरून त्यावरून फिरवलात, "इथं त्याचा हात थांबला. इथून परत सुरू केलं." तिसऱ्या मजल्यावर खिडकीच नव्हती. हा मजला बाहेरून दिसतच नाही. बाहेरून मोजले तर पाच मजले, आतून सहा. मी पाटी वाचून हे सांगितलं तेव्हा तुम्ही खूश झालात.

"असा एक मजला प्रत्येक घरात पाहिजे."

"कशाला?"

"तुझ्या काकूपासून लपायला."

आपण दोघंही हसलो. चढताना तुमचा श्वास वाजत होता तो मी ऐकला होता. उंची, थंडी, साठी उलटलेली, असं मी मनात म्हटलं. मी फार चटकन कारणं शोधते.

चौथ्या मजल्यावरून पाचव्यावर जाणारा जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. पायऱ्या उंच, पाऊल अर्धंच मावतं. वरून उतरणारे थांबले होते, खालून चढणारे आपल्यामागे रांगेत. तुम्ही पुढे, मी तीन पायऱ्या खाली, दोघांच्या बुटांच्या पिशव्या माझ्या हातात. मध्यावर तुम्ही थांबलात. आधी मला वाटलं तुम्ही पुन्हा लाकूड बघताय. मग तुमच्या डाव्या हाताची पकड कठड्यावरून सुटली आणि तुम्ही तो हात छातीशी घेतलात. मानेवर घाम दिसला. त्या थंडीत घाम. मी "अण्णा?" म्हणाले. तुम्ही मान हलवली, वळला नाहीत. मागची रांग जागच्या जागी थांबली. तिथं कुणीच घाई करत नाही, आणि त्यामुळे ती शांतता जास्तच घाबरवणारी झाली.

वर उभ्या असलेल्या कर्मचारी बाई चार पायऱ्या खाली आल्या. साठीच्या असतील, निळं जाकीट, हातमोजे. त्यांनी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला जपानीत विचारलं, "यांना बरं वाटत नाहीये का? खाली खुर्ची आहे. हवं तर गाडी बोलावते."

मी तुम्हाला मराठीत सांगितलं. जसंच्या तसं. गाडी म्हणजे ॲम्ब्युलन्स, हेही सांगितलं.

तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "सांग, पायऱ्या मोजतोय."

आणि मी सांगितलं, अण्णा. ते वाक्य मी इतकं नीट केलं, त्यातला मिस्कीलपणा, तुमच्या वयाचा आब, सगळं त्या भाषेत बसवलं. त्या बाई हसल्या. मागचा माणूसही हसला. जिन्यावरचा ताण सुटला. बाईंनी तरीही पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे नाही, माझ्याकडे, आणि विचारलं, "नक्की?" तो प्रश्न मला होता. त्याचं उत्तर तुम्हाला विचारून द्यायचं नव्हतं. मी तरी तुमच्याकडे वळले, तुम्ही "सरी, सरी" म्हणालात आणि मी "नक्की" म्हणाले.

त्यांनी आपल्याला खाली चौथ्या मजल्यावर भिंतीशी बसवलं. तुम्ही दहा-बारा मिनिटं गुडघ्यांत डोकं घालून बसलात. मी पिशव्या मांडीवर घेऊन शेजारी. मला एक वाक्य बोलायचं होतं. "आपण डॉक्टरकडे जाऊ या." इतकंच. ते माझं स्वतःचं वाक्य होतं आणि ते तोंडातून बाहेर येईना. मग तुम्ही उठलात आणि म्हणालात, "चाळीस वर्षं बघतोय मी हा किल्ला. वरपर्यंत जाणार." मी अडवलं नाही. हळूहळू आपण वर गेलो. सहाव्या मजल्यावरच्या जाळीतून डोंगर दिसले, चित्रात होते तसेच पांढरे. तुमचे डोळे भरले होते. मला वाटलं हे चांगलं झालं, हे राहिलं नाही. अजूनही कधी कधी असंच वाटतं, आणि लगेच त्याचा राग येतो.

तिथंच तुम्ही माझा हात घेतलात. "काकूला सांगायचं नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ."

परतीच्या गाडीत आपण भांडलो. डब्यात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं म्हणून आपण कुजबुजत भांडलो. मी म्हणाले, "तिनं मला सांगितलं होतं लक्ष ठेव म्हणून." तुम्ही म्हणालात, "ठेवलंस ना? झालं." मी म्हणाले, "तुम्ही मला खोटं बोलायला लावताय." तुम्ही म्हणालात, "खोटं कुठं? गप्प बसायचं फक्त. तुला काय, त्याची सवय आहे." तुम्हाला ते बोलल्या बोलल्या लागलं, मी पाहिलं. पण तेवढ्यात तिकीट तपासणारे आले, वाकून नमस्कार केला, आपण दोघांनी हसून तिकिटं दाखवली, आणि भांडण तिथंच राहिलं.

परत आल्यावर मी दोनदा डॉक्टरची वेळ घेतली. एकदा तुम्ही रद्द केलीत, एकदा विसरलात असं म्हणालात. "उगादी होऊ दे, मग बघू." खाली जेवायला आले की काकू जपानबद्दल विचारायची आणि तुम्ही तिला बिजागरीची गोष्ट सांगायचात. झऱ्यांना दिलेले मार्क सांगायचात. जिना कधीच आला नाही. मी ताटाकडे बघायचे. माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं म्हणत होतं की शपथेनं कुणाच्या गळ्याला काही होत नसतं. तरी मी तोंड उघडायला गेले की तुमचा गळा डोळ्यांसमोर यायचा. बोलले आणि तुम्हाला काही झालं तर? या भीतीनं दोन महिने बोलले नाही. आणि झालं ते झालंच.

परवा तुमचा दहावा होता. विधी करतात त्या जागी बाबांनी पिंड ठेवला. काकू हट्टानं आली होती, खुर्चीवर बसली होती. समोरच्या झाडावर तीन कावळे होते, पण एकही खाली येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. गुरुजी म्हणाले, "मनात काहीतरी राहिलंय. सांगा त्यांना, जे असेल ते." बाबा हात जोडून म्हणाले, "अण्णा, वहिनींना मी अंतर देणार नाही." कावळे तसेच. कुणी म्हणालं घराचं बोला, कुणी म्हणालं पुतणीच्या लग्नाचं बोला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग काकू खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात टेकत पुढे गेली आणि झाडाकडे बघून म्हणाली, "मला माफ करा. मी नको होतं पाठवायला."

कावळे आले नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. घरी येताना गाडीत काकू कुणाला असं नाही, स्वतःशीच म्हणाली, "राग गेला नाही त्यांचा."

दुपारी माणसं पांगली तेव्हा ती मागच्या ओट्यावर बसली होती. मी चहा नेऊन दिला. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. "खरं सांग. तिकडं काही झालं होतं का?" या वेळी तिचा आवाज संशयाचा नव्हता. तिला "नाही"च ऐकायचं होतं, म्हणजे सगळा दोष तिचा तिच्याकडेच राहिला असता. ते "नाही" सोपं होतं, अण्णा. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

मी म्हणाले, "झालं होतं."

मग सगळं सांगितलं. जिना, घाम, छातीवरचा हात, त्या बाई, गाडी बोलावते म्हणाल्या ते. पायऱ्या मोजतोय हे वाक्य. ते मी कसं सांगितलं आणि त्या कशा हसल्या. मी मध्ये थांबले की ती म्हणायची, "पुढं."

"किती वेळ बसले होते खाली?"

"दहा-बारा मिनिटं."

"आणि परत चढले."

"हो."

"तू अडवलं नाहीस."

"नाही."

तिनं कप खाली ठेवला. "दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने माझ्या हातचं जेवलीस. वर गेलीस, खाली आलीस. मला जेवण वाढताना बघितलंस. मी त्यांना त्या उन्हात घालवलं असं अख्ख्या गावाला सांगत बसले, ते ऐकलंस."

"त्यांनी शपथ घातली होती काकू. त्यांच्या गळ्याची."

काकू म्हणाली, "शपथ! सिगरेट सोडतो म्हणून माझ्या गळ्याची शपथ चार वेळा घेतली होती त्यांनी. चार वेळा मोडली. मी मेले का?"

मला हसू आलं की रडू, ते कळलं नाही. तिला दोन्ही आलं. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली, आणि रडता रडता तुम्हाला शिव्या दिल्या, इतक्या की आई वरून खाली आली. "मला कळलं असतं तर केस धरून दवाखान्यात नेलं असतं यांना," ती आईला सांगत होती. "म्हणून नाही सांगितलं. म्हणूनच." मी जवळ गेले तर तिनं हात झटकला.

काल आणि आज पुन्हा माणसं आली. "किती सुखाचं मरण," असं कुणी म्हणालं की काकू आता म्हणते, "सुखाचं कसलं? दोन महिने छातीत दुखत होतं, माझ्यापासून लपवलं. दोघांनी मिळून." मग लोक माझ्याकडे बघतात. मी उभी राहते. मिक्सरच्या भांड्याचं नाव तिनं कालपासून एकदाही काढलेलं नाही. सकाळी मला कळलं की तिनं त्यातच चटणी वाटली.

ती तुमच्यावर फार रागावली आहे. मी तुमच्या बाजूनं एक शब्दही बोललेले नाही आणि बोलणार नाही. तुमचा तिथं वर पोचल्यावरचा चेहरा मात्र मी तिला अजून सांगितलेला नाही. तिला तो आत्ता नको आहे. विचारेल तेव्हा सांगेन.

माझ्याशी ती बोलत नाही. ताट वाढते, पण मला हाक मारत नाही, आईकरवी निरोप पाठवते. ती कधी बोलेल आणि काय म्हणेल, मला माहीत नाही. मी रोज खाली जाऊन तिच्यासमोर बसते.